वेलवांगी

“बेचाळीस किलो चारशे,” सिस्टरने काट्यावरचा आकडा वाचला आणि केसपेपरवर लिहिता लिहिता मान वर न करताच विचारलं, “जेवत नाहीत का हे?”

आनंदा राणे काट्यावरून उतरला आणि भिंतीला धरून पायाने चपला चाचपू लागला. उत्तर त्याच्या बायकोने, बकुळाने दिलं. “चार चमचे पेज जाते. वर एक चमचा दिला की बाहेर येते.”

आत डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगून टाकलं. पंचेचाळीसच्या खाली वजन असताना पुढचं औषध चढवणार नाही, शरीराला झेपणार नाही. दोन आठवड्यांनी या. पोटात काय जाईल ते घाला. बाहेर आहाराचा सल्ला देणाऱ्या मुलीने छापील कागद हातात दिला. तिखट नाही, कडक नाही, आंबट तर अजिबात नाही, कारण तोंड आतून सोलवटलेलं आहे.

परळपासून लालबागपर्यंत टॅक्सीत आनंदा खिडकीबाहेर बघत होता. सदतीस वर्षं त्याने वायरमनचं काम केलं. डाव्या गालात तंबाखूची गोळी ठेवून शिडीवर चढायची त्याची सवय. ती सवय सुटायला डावा जबडा अर्धा काढावा लागला. त्यानंतर रेडिएशनच्या तेहतीस लाईटी घेतल्या, आणि विसाव्या लाईटीनंतर केव्हातरी तोंडाची चव गेली. पाणी प्यायलं तरी तारेचा तुकडा चघळल्यासारखं वाटतं, असं तो म्हणायचा. मग तेही म्हणेनासा झाला.

घरी येऊन बकुळाने त्याला खाटेवर बसवलं, पाठीला उशी दिली.

“काय करू सांगा. शिरा करू पातळ? नाचणीची आंबील?”

त्याने नुसता हात हलवला. जरा वेळाने बोलला. अर्ध्या जबड्याने बोललेलं बाहेरच्या माणसाला कळत नसे, बकुळाला कळायचं.

“आवशीच्या वेलवांग्याचा सार कर गो.”

बकुळाच्या हातातलं भांडं हातातच राहिलं.

आवशीच्या म्हणजे आईच्या, आणि वेलवांगी म्हणजे टोमॅटो. पण सासूच्या तोंडी टोमॅटो हा शब्द फक्त बाजारातल्या मालासाठी होता. कुडाळकडच्या माहेराहून तिने बी आणलं होतं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत तेलाच्या पाच डब्यांत ती वेलवांगी लावायची. फळ चपटं, भोपळ्यासारख्या घड्यांचं, देठाशी पिकल्यावरही हिरवं, आणि असं आंबट की एक डोळा आपोआप मिटावा. दर वर्षी बी वाळवून, राखेत घोळवून ती औषधाच्या बाटलीत भरून ठेवायची.

त्या डब्यांवरून बकुळाने किती ऐकून घेतलं होतं. पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकायचं, खालची बाई जिन्यात उभी राहून तोंड सोडायची. पाणी भरायचं बकुळाने, शाळेत शिपायाची नोकरी करून, आणि कौतुक व्हायचं सासूच्या साराचं. सासू मे महिन्यात गेली. त्याच वर्षी गणपतीआधी घर साफ करताना बकुळाने पाचही डबे खाली नेऊन कचऱ्याच्या पेटीत उलटे केले. झाडांना फळं होती. वर येऊन तिने राखेतल्या बियांची बाटलीही रिकामी केली, घासली आणि तिच्यात जिरं भरलं.

त्या संध्याकाळी आनंदा कामावरून आला. गॅलरीत गेला, थोडा वेळ उभा राहिला. मग आत येऊन हातपाय धुतले आणि चहा मागितला. तेवीस वर्षांत त्या विषयावर त्याने एक अक्षर काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बकुळाने मंडईतून टोमॅटो आणून सार केलं. वाटी समोर धरली.

“बाजारातला मां?” त्याने विचारलं.

तिला खोटं बोलता आलं नाही.

“ऱ्हवांदे,” तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

त्यांची मुलगी अनुजा शीवला राहायची. ती आली तेव्हा बकुळाने तिला सगळं सांगितलं. डबे कोणी फेकले तेवढं सांगितलं नाही. अनुजाने फोनवर एक जागा उघडून दिली. जुनी वाणं राखणाऱ्या लोकांची ती यादी होती. ज्याच्याकडे बी आहे तो आपलं नाव, गाव, फोन टाकतो, ज्याला हवं तो मागतो, पोस्टाने बी येतं-जातं.

“पण आई, बी मिळालं तरी ते रुजून फळ धरायला तीन महिने लागतील.”

“तीन महिने कुठून आणू? कोणाकडे झाड असेल. फळ असेल.”

सत्तावीस वर्षं दादरच्या शाळेत हजेरीपट वर्गावर्गांत फिरवलेली बाई ती. यादीची तिला भीती नव्हती. सकाळची कामं उरकली की खाटेच्या पायथ्याशी बसायची आणि बोटाने एकेक नाव वर सरकवायची. नुसत्या टोमॅटोची चौदा पानं होती. काळा टोमॅटो, पट्ट्यापट्ट्यांचा, बैलाच्या काळजाएवढा, द्राक्षाएवढा. धारवाडचा कोणी शिक्षक, नाशिकची कोणी डॉक्टरीण, एर्नाकुलमचे निवृत्त पोस्टमास्तर. कोणी लिहिलं होतं, आजोबांनी बर्माहून आणलेलं. कोणी लिहिलं होतं, बी फक्त दहा उरलं आहे, जपून लावणाऱ्यालाच देईन. बकुळाला ते वाचताना घाम यायचा. एकेका बियाण्यासाठी माणसं अशी जीव टाकत होती, आणि तिने जिऱ्यासाठी बाटली रिकामी केली होती.

काही नावांपुढे शेवटची नोंद सात-आठ वर्षांपूर्वीची होती. अशा तिघांना तिने फोन केले. दोन लागले नाहीत. तिसऱ्यावर एक बाई म्हणाली की बाग होती तिथे आता गाड्या उभ्या राहतात.

चौथ्या दिवशी तिच्या डोक्यात आलं की आपण टोमॅटो टोमॅटो काय शोधतोय. तिने वरच्या चौकटीत एका बोटाने टाइप केलं, वेलवांगी.

एकच नाव आलं. ‘वेलवांगी. चपटं, घड्यांचं, आंबट. मूळ कोकणातलं असावं. सेसिलिया डिमेलो, खोताची वाडी, गिरगाव.’

फोन पुरुषाने उचलला. “सेसिलिया माझी सिस्टर. ती एक्स्पायर झाली, चार वर्षं झाली. तिचा फोन मीच वापरतो. मी नॉर्मन.”

“झाडं आहेत का हो?”

“तीन आहेत. मला गार्डनिंगमधलं काय कळत नाय. ती गेली तेव्हापासून पाणी घालतो, बस.”

“फळं?”

“आहेत थोडी. तुम्हाला बी पायजे ना?”

“मला फळ पाहिजे,” बकुळा म्हणाली. “माणूस आजारी आहे.”

“आज येता?” नॉर्मनने विचारलं.

शेजारणीला आनंदाजवळ बसवून ती निघाली. खोताच्या वाडीत लाकडी जिन्याच्या एका घरामागे, हातभर जागेत, तीन झाडं काठ्यांना बांधलेली होती. नॉर्मन सत्तरीचा, उंच, वाकलेला माणूस, बँकेतून रिटायर झालेला. बकुळा झाडांपाशी वाकली. तीच पानं, त्याच घड्या, देठाशी तोच हिरवा रंग.

“आमच्याकडे लहानपणी वेंगुर्ल्याची एक आया होती,” नॉर्मन सांगत होता. “तिने बी आणलं असं सेसिलिया बोलायची. पण प्रूफ काय? ती म्हणायची, कोकणातला कोणीतरी येऊन ओळखेल तेव्हा लिस्टमधलं ते ‘असावं’ काढून टाकीन. शेवटपर्यंत कोणी आलं नाय.”

पिकलेली सहा फळं होती. त्याने सहाही तोडली. मग ती ओट्यावर मधोमध चिरून चमच्याने बी तेवढं बशीत काढून घेतलं, कारण बहीण पहिल्या तोडीचं बी ठेवायची. बाकीचं स्टीलच्या डब्यात भरून त्याने झाकण घट्ट दाबलं.

“मिस्टरांना खाऊ घाला. मग मला फोन करून सांगा, तेच आहे काय.”

घरी येऊन तिने आनंदाला नॉर्मनचं सांगितलं, हात धुतले आणि ओट्याशी उभी राहिली. फोडी उकडल्या, चाळणीतून घोटून घेतल्या, नारळाचं दाट दूध घातलं, गुळाचा खडा आणि मीठ. तिखट नाहीच. सासू करायची तशी शेवटी तुपात जिऱ्याची फोडणी. कोमट झाल्यावर चमचाभर तळहातावर घेऊन तिने चाखलं.

ते नव्हतं.

तिने पुन्हा चाखलं. डब्यात उरलेली एक कच्ची फोड होती, ती तोंडात टाकली. गोडसर, मऊ, चांगल्या जातीचं फळ होतं. पण दोन्ही डोळे उघडे राहिले. ती तशीच ओट्याला धरून उभी होती, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

“झाला?”

तिने वाटी नेली. त्याच्या गळ्याशी पंचा लावला. पहिला चमचा आत गेला आणि आनंदाचं तोंड वेडंवाकडं झालं. सोलवटलेल्या जागी झोंबलं होतं. डोळ्यांतून पाणी आलं. तिने वाटी मागे घेतली, तर त्याने तिचं मनगट धरलं आणि तोंड उघडलं. दुसरा चमचा. तिसरा. प्रत्येक घोटाला त्याच्या मानेची शीर ताठ व्हायची. बारा चमचे त्याने गिळले. दोन महिन्यांत एवढं पोटात गेलं नव्हतं.

“ह्याच ता,” तो म्हणाला. “आवशीचाच.”

बकुळा त्याच्याकडे बघत राहिली. ज्याला मीठ-साखरेतला फरक कळत नव्हता, तो माणूस तिच्याकडे बघून मान डोलवत होता. नंतरही त्याने तिच्या मनगटावरचा हात काढला नाही. सदतीस वर्षं वायरी ओढून खरखरीत झालेली बोटं होती, आता नुसती हाडं राहिलेली. तेवीस वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ दोघांच्या मधे येऊन बसली आहे हे तिला कळलं, आणि त्यालाही कळलं असावं.

“फोन कर त्येका,” तो म्हणाला. “सांग.”

तिने त्याच्यासमोरच नॉर्मनला फोन लावला. “हो,” ती म्हणाली. “हे म्हणतात तेच आहे.”

नॉर्मन किती वेळ ‘थँक यू’च म्हणत होता.

त्यानंतर आनंदाने पुन्हा काही खाल्लं नाही. दोन आठवड्यांनी वजन करायला न्यायचं होतं, त्याआधी तीन दिवस, दुपारी, बकुळा पाणी गाळत असताना तो गेला. तिने हाक मारली तेव्हा मान एका बाजूला कलली होती. गळ्याशी पंचा तसाच.

महिन्याभराने नॉर्मनचा फोन आला. मिस्टर कसे आहेत, त्याने विचारलं. बकुळाने सांगितलं. त्याने दोनदा ‘सॉरी’ म्हटलं.

“मी दुसऱ्या कामाला फोन केला होता,” मग तो म्हणाला. “लिस्टमधे बदल करायचा. ‘मूळ कोकणातलं’ असं लिहितो आणि खाली तुमच्या मिस्टरांचं नाव टाकतो, ओळखणारे म्हणून. चालेल ना?”

बकुळा गॅलरीत उभी होती. तिने कठड्याला हात लावला.

“नका लिहू,” ती म्हणाली. “ते नव्हतं.”

“पण त्यांनी ओळखलं ना? तुम्हीच बोललात.”

“त्यांना चव नव्हती. कसलीच नव्हती.”

“मग ते हो कशाला बोलले?”

“तुमच्या बहिणीचं फळ चांगलं आहे हो,” ती म्हणाली. “गोड आहे. पण आमचं वेगळं होतं. तुम्हाला खोटं सांगितलं, माफ करा.”

“नाय, नाय,” नॉर्मन हळू आवाजात म्हणाला. “‘असावं’ तसंच राहू दे मग. सेसिलियाला खोटं आवडायचं नाय.” आणि मग, “त्या लिस्टमधे हरवलेल्या वाणांचं वेगळं पान आहे. तुम्ही तिथे लिहा. कोणाकडे असलं तर कळवतात.”

रविवारी अनुजा आली तेव्हा बकुळाने तिला ते पान उघडायला लावलं. रकाने होते. वाणाचं नाव, वर्णन, कुठे लावत होते. बकुळा सांगत गेली, अनुजा लिहीत गेली. चपटं, घड्यांचं, देठाशी हिरवं, एक डोळा मिटेल एवढं आंबट. तिसरा मजला, गॅलरी, लालबाग.

“‘वाण कोणी राखलं?’” अनुजाने वाचलं.

सासूचं नाव बकुळाने संसारात कधी घेतलं नव्हतं. “मालन सोनू राणे,” ती म्हणाली.

“‘कसं हरवलं?’ यात पर्याय आहेत. पाऊस, रोग, जागा बदलली, माहीत नाही.” अनुजाचं बोट शेवटच्यावर गेलं. “माहीत नाही.”

“मला माहीत आहे.”

अनुजाने वर पाहिलं. बकुळाने तिला सगळं सांगितलं. डबे, पेटी, बाटली, चहा.

“आई, हे लिहिलंच पाहिजे असं नाही. अनोळखी माणसं वाचतील.”

“वाचू देत. खाली मोकळी जागा आहे ना? सुनेने टाकून दिलं, असं लिही.”

“एवढंच?”

“नाव घाल. बकुळा आनंदा राणे.”

अनुजाने लिहिलं. पाठवण्याआधी बकुळाने चष्मा लावून फोन हातात घेतला आणि शाळेतल्यासारखी वरपासून एकेक ओळ तपासली. मालनमधल्या ‘ल’चा ‘ळ’ झाला होता. तो तिने दुरुस्त करून घेतला. आपल्या नावात काही चूक नव्हती.