गार खोलीतले आत्मे

सावद्याबाहेरच्या केळी पिकवायच्या गोदामापुढे सकाळपासून ट्रॅक्टर लागत होते, पण त्यांत केळी नव्हती, माणसं होती. भर उन्हात ज्याच्या त्याच्या अंगावर शाल. आत तरंगानंद स्वामी मेलेल्या माणसांशी बोलणं करून देत होते, आणि आत्मा आला की खोली थंड पडते, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगून ठेवलं होतं. थंड पडणारच. केळी पिकवायची खोली ती, मशीन लावलं की गारठते. जन्मभर अशाच खोल्यांत केळी रचलेल्या लोकांच्या अंगावर त्याच गारव्यानं काटा येत होता, आता याला काय म्हणावं.

स्वामी मात्र नव्या जमान्याचे होते. अंगारा नाही, लिंबू नाही. भगवी कफनी, कानाला माइक आणि पुढ्यात निळे दिवे लुकलुकणारं 'आत्मसेतू यंत्र'. ते म्हणत, "ही अंधश्रद्धा नव्हे, शास्त्र आहे. आत्मा म्हणजे क्वांटम तरंग. तो पाचव्या मितीत फिरतो. तुमचा मोबाईल टॉवर पकडतो ना, तसं आमचं एआय आत्मा पकडतं." कोणीतरी विचारलं, पाचव्याच मितीत का? स्वामींनी डोळे मिटून सांगितलं की चौथीत रेंज नाही. लोकांनी माना डोलावल्या, कारण रेंजचं दुःख प्रत्येकाला ठाऊक होतं.

रूपाली सासूबाईंना घेऊन आली होती, म्हणजे सासूबाईच तिला ओढून घेऊन आल्या होत्या. हायस्कूलात विज्ञान शिकवणाऱ्या रूपालीला त्या यंत्रात दिव्यांच्या माळेपलीकडे काही दिसेना. पण सासूबाई पुष्पाबाईंचं निराळं होतं. त्यांचे यजमान जीवरामभाऊ गेल्या वर्षी वारले होते, आणि यंत्रातून हुबेहूब त्यांचा आवाज आला. 'पुष्पा, मी सुखात आहे. दवाखान्यात जाऊ नको. स्वामींचं तरंगजल पायाला लाव.'

खरी भीती त्या पायाचीच होती. पुष्पाबाईंना साखरेचा आजार, अंगठ्याजवळची जखम काळी पडत चाललेली. जळगावच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, लगेच दाखल व्हा, नाहीतर पाय कापावा लागेल. आणि पुष्पाबाई घरी येऊन बाटलीतलं निळं पाणी जखमेवर शिंपडू लागल्या. रूपाली समजावून थकली. तिचा नवरा नवीन म्हणाला, आईला दोन दिवस समाधान मिळतंय तर मिळू दे. रूपालीचं डोकं फिरलं. दोन दिवसांत पाय जाईल, मग समाधान कशाला लावायचं, असं ती त्याला तोंडावर बोलली.

"ते सोता बोलले मले," पुष्पाबाई म्हणाल्या. "आन् किती साफ बोलले. तिकडे जाऊन तंबाखू सोडली त्यायनं."

रूपाली तिथंच थबकली. सासरे घरात नेहमी तोंडात तंबाखूचा तोबरा धरून बोलत; निम्मं बोलणं तिला कळतच नसे. ते दिवसातून फक्त एकदाच तोबरा थुंकून, खणखणीत बोलायचे: रोज सकाळी मोबाईलवर, केळीच्या भावाच्या ग्रुपवर. बोटांना केळीचा चीक, त्यामुळे टाइप करणं नको, म्हणून गावातली सगळी जुनी मंडळी भाव बोलूनच पाठवत. वर्षानुवर्षांचे ते आवाज ग्रुपमध्ये पडून होते. आणि आता तिला आठवलं की सासऱ्यांचा आत्मासुद्धा 'मी सुखात आहे' हे भाव पुकारल्यासारखंच म्हणाला होता.

तिनं नवीनला स्वामींच्या शिष्याचा, लोकांना भेटीच्या वेळा देणाऱ्या हितेंद्रचा, नंबर दाखवला. नवीन उडालाच. हा हितेंद्र तर जीवरामभाऊ होते तेव्हाच व्यापारी म्हणून ग्रुपमध्ये शिरला होता. रोज भाव विचारायचा, पण कोणाकडून कधी एक घड घेतला नाही.

मग रूपालीनं आपला सापळा लावला. जीवरामभाऊंचे थोरले बंधू लीलाधर आबा सहा महिन्यांपासून लेकीकडे सुरतेला होते. त्यांचेही आवाज ग्रुपमध्ये होते, अलीकडचा मात्र एकही नव्हता. रूपालीनं रडवेल्या आवाजात हितेंद्रला फोन केला की आबा सुरतेला वारले, त्यांच्याशी बोलायचंय. त्यानं हळहळून दुसऱ्या दिवशीची वेळ दिली. तिनं लगेच दुसरा फोन आबांना लावला.

दुसऱ्या दिवशी खोली गारठली, निळे दिवे लुकलुकले आणि लीलाधर आबांचा आवाज घुमला. "पुष्पा, मी भावाजवळ पोचलो. आम्ही दोघं आनंदात आहोत. पायाला तरंगजलच लाव."

पुष्पाबाईंनी सवयीनं पदर डोक्यावर ओढला आणि मग त्यांचा हात तसाच राहिला. लग्न होऊन आल्यापासून जेठांनी, म्हणजे या थोरल्या दिरांनी, त्यांना कधी नावानं हाक मारली नव्हती. धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलायची त्यांच्या घरात रीतच नव्हती. निरोप असला तर पोरांकरवी यायचा. मेल्यावर माणूस रीत विसरतो की काय, हे त्यांना कळेना.

तेवढ्यात मागच्या रांगेत एक शाल बाजूला झाली.

"मी मेलो, आन् मलेच पत्ता नाही," लीलाधर आबा म्हणाले.

खोलीत आधी किंकाळी, मग हशा. स्वामी घाईघाईनं म्हणाले की हा आत्म्याचा देहधारी तरंग आहे. "देहधारी नाही तं काय," आबा म्हणाले, "सकायी भाकरी खाऊन आलो." नवीननं मागचा पडदा ओढला. तिथं हितेंद्र लॅपटॉपवर पुढचं वाक्य टाइप करीत बसला होता.

रूपालीनं आपला मोबाईल माइकला लावला. आदल्या फेरीत तिनं स्वामींचं भाषण टिपलं होतं आणि घरी ते मोबाईलवरच्या तसल्याच एआयला ऐकवलं होतं. आता स्वामींच्याच आवाजात, त्याच सुरात खोली दुमदुमली: "भक्तहो, मी तुमच्या ग्रुपवरचे आवाज चोरतो आणि मेलेल्यांच्या तोंडी माझं बोलणं घालतो." स्वामी समोर तोंड मिटून उभे होते.

ती लोकांना म्हणाली, "यंत्र खोटं नाही. थोडा आवाज मिळाला की ते त्या आवाजात काहीही बोलतं. घशाच्या कॅन्सरनं ज्यांचा आवाज जातो, त्यांना याच विद्येनं स्वतःचा आवाज परत मिळतो. पण ते बोलतं ते कोणीतरी लिहिलेलं. आत्मा त्यात कुठंच नाही."

लोक स्वामींना पोलीस ठाण्याकडे घेऊन निघाले. पुष्पाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. यजमान दुसऱ्यांदा गेल्यासारख्या त्या रडत होत्या, आणि निळी बाटली त्यांनी घट्ट धरली होती. आबा त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. घसा खाकरला, जमिनीकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते त्यांच्याशी सरळ बोलले.

"पुष्पा, भाऊ गेला. तू ऱ्हाय. चाल, दवाखान्यात चाल."

पुष्पाबाईंनी बाटली खाली ठेवली.

अंगठा गेला, पाय वाचला. दवाखान्यात पडल्या पडल्या त्यांनी रूपालीला हळूच विचारलं, मोबाईलवर तुले तुह्या सासऱ्यायचा आवाज करता येईन का? येईल, रूपाली म्हणाली. पुष्पाबाईंनी तिचा मोबाईल हातानं बाजूला सारला. "नको करू," त्या म्हणाल्या. "जे ते बोललेच नाहीत, ते त्यायच्या तोंडी घालू नाही." मग भेटायला आलेल्या शेजारणींकडे वळून त्या म्हणाल्या, "बायांनो, आवाज ओळखीचा लागला तरी भुलू नका. त्यातून बोलतं कोन, ते आधी इचारा."