तळ्याचा चौथा कोपरा

रत्नाने तिसऱ्यांदा गाळणी बुडवली आणि गाळ पांढऱ्या ताटलीत पसरला. तांबड्या दोऱ्यासारख्या चार अळ्या वळवळल्या. बाकी काही नाही.

गावतळ्याच्या इतर तीन कोपऱ्यांवर आठवीच्या वर्गाचा नुसता गलका चालला होता. चतुराच्या अळ्या, पाणविंचू, गोगलगायी. भूषणच्या गटाला तर तेरा प्रकार सापडले होते. तो मुद्दाम येऊन डोकावला.

"रत्ने, तुमच्याकडचे किडे बाजाराला गेलेत का?"

धुळ्याहून एसटीने येणाऱ्या नूतन मॅडमनी प्रत्येक गटाला एक तक्ता दिला होता. शनिवारी सगळे तक्ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लागणार होते. शेवटचा रकाना होता, जवळपास काय दिसलं? तोच रत्नाला टोचत होता. तिच्या पायाशी चिखलात फवारणीच्या औषधाच्या बाटलीचं निळं झाकण होतं. तिने ते अंगठ्याने दाबलं. ते वर आलं. तिने पुन्हा दाबलं.

कपाशीवर फवारणी झाली की तिचे वडील, प्रेमराज, पंप इथेच धूत. घरात रांगतं बाळ, म्हणून विषाचा वास घरी नको, पंप बाहेरच धुऊन आणा, असं आईनेच बजावलं होतं. विहिरीचं पाणी प्यायचं. मग वाटेवर उरलं तळं. आजही फवारणी होती.

तिने तक्त्यात न सापडलेला 'पाणविंचू' लिहिला. दोन ओळी सोडून 'गोगलगाय' लिहिणार, तोच ती उठली आणि मॅडमकडे गेली.

"मॅडम, पंप तळ्यात नाही धुवायचा तर कुठे धुवायचा?"

मॅडमनी तिच्या चिखलाने भरलेल्या अंगठ्याकडे पाहिलं. कुणाचा पंप, ते विचारलं नाही. शेतातच, त्या म्हणाल्या. थोडं साधं पाणी भरून हलवायचं आणि तेही त्याच कपाशीवर फवारायचं. असं तीनदा.

संध्याकाळी रत्ना दोन कॅन पाणी घेऊन बांधावर उभी राहिली. बसवेना, म्हणून येरझारा घालत राहिली. प्रेमराज पाठीवर रिकामा पंप घेऊन आला आणि कॅन पाहून थबकला. पंप धुवायला तळं आहे की, तो म्हणाला.

"आबा, तठे काहीच जगत नही. मी तीन येळा गाळणी टाकीसन दखं."

पंप उतरवून, तिने सांगितलं तसं थोडं पाणी त्यात भरून तो पुन्हा कपाशीत शिरला. पहिल्या पाण्याची फेरी झाली, दुसऱ्या पाण्याची झाली. तिसऱ्याला तो दमून खाली बसला. रत्नाने पंपाच्या पट्ट्याला हात घातला, तसा तो उठला आणि स्वतःच गेला.

घरी तिने 'पाणविंचू' खोडला. शेवटच्या रकान्यात लिहिलं: औषधाच्या बाटलीचं झाकण. फवारणीचा पंप इथे धुतात. आमचा.

प्रेमराजने खांद्यावरून वाकून वाचलं. "मन्हा एकलानाच का? शेजारना वावरवाला हेमराजभाऊना बी लिख."

"त्यासना पंप तठे दखेल नही मी."

तो हसला नाही, पण तक्ता फाडलाही नाही. हात पुन्हा साबणाने धुवायला गेला.

सकाळी शाळेआधी रत्ना गाळणी घेऊन तळ्यावर गेली. तांबड्या अळ्या, चार. एका रात्रीत काय होणार, हे तिला कळत होतं. तिने ताटली विसळली आणि गाळणी पुन्हा बुडवली.