मागे वळलेली लहान बोट

मी एक लहानशी प्रवासी बोट बोलतेय. चोवीस खोल्या, एक जेवणघर, वर उघडी गच्ची आणि तिच्यावर सहा लाकडी आरामखुर्च्या, एवढाच माझा संसार. मिरवावं असं माझ्यापाशी काही नाही. एक नेम मात्र आहे. गोदीतून पहिल्यांदा पाण्यात उतरले, तेव्हा मला बांधणाऱ्या सुताराच्या म्हाताऱ्या आईने माझ्या पुढच्या टोकाला हात टेकून डोळे मिटले आणि पुटपुटली, "बाई गं, नेशील त्यांना नीट ने." लेकीला सासरी धाडताना बोलावं तसं बोलली ती. मला भरून आलं. मी तिथल्या तिथे मनाशी धरलं, की ज्या किनाऱ्याच्या ओढीने माणूस माझी शिडी चढला, त्या किनाऱ्याला त्याचे पाय लागल्याशिवाय परतायचं नाही.

नेम धरला खरा, पण बोटीला तो पाळता येतो थोडाच? सुकाणू माणसाच्या हातात आणि वारा देवाच्या. मी आपली मनातल्या मनात म्हणत राहायचे आणि पाणी कापत राहायचे. घरोघरच्या बायका तरी दुसरं काय करतात?

माझा कप्तान मितभाषी होता. त्याची एक पद्धत मला फार आवडायची. प्रवासाच्या पहिल्या संध्याकाळी तो सगळ्यांबरोबर जेवायला बसायचा आणि एकेकाला विचारायचा, "तुम्ही कशासाठी निघालात?" कुणी म्हणे पक्षी बघायला, कुणी म्हणे बहिणीला भेटायला, कुणी म्हणे सासरच्या माणसांपासून आठ दिवस सुटका म्हणून. आचारीकाका ते सगळं जेवणघरातल्या पाटीवर खडूने लिहून ठेवत. मग जे जे लिहिलंय ते होईल असा रस्ता कप्तान आखायचा. एखादीला नुसती शांत झोप हवी असेल, तर इंजिनाजवळची खोली सोडून तिला पुढची खोली मिळायची. तीस-बत्तीस माणसांचं असं करता येतं. ती नावानिशी लक्षात राहतात, आणि तिसऱ्या दिवशी कोण चहात किती साखर घेतं तेही काकांना पाठ असतं.

बरीच वर्षं असं चाललं. मग आमच्या बंदरात ती आली.

पहिल्यांदा दिसली तेव्हा मला वाटलं, समोरची टेकडीच सरकत आली. चौदा मजले. डोक्यावर घसरगुंड्या, पोटात नाटकगृह, दुकानांची अख्खी गल्ली, पोहायचे तीन तलाव. समुद्रावर असून पोहायला तलाव! तिची सावली माझ्यावर पडली की दुपारीसुद्धा माझ्या जेवणघरात दिवे लावावे लागायचे. पण खोटं कशाला बोलू, तिचा राग मला आला नाही. तिच्या घसरगुंडीवरून मुलं खिदळत खाली यायची, ते ऐकून मलाही हसू फुटायचं. ज्याला जत्रा हवी त्याने जत्रेत जावं. फक्त माझ्या शिडीवरची पावलं कमी होत गेली. खुर्च्यांवरच्या आच्छादनांच्या घड्या मोडेनाशा झाल्या.

अशाच एका सुन्या हंगामात ते नवरा-बायको माझ्यावर आले. दोघं साठीच्या पलीकडचे. ती त्यांच्या अर्धं पाऊल पुढे चालायची आणि बोलता बोलता हळूच म्हणायची, "अहो, पायरी." ते म्हणायचे, "दिसतेय गं, दिसतेय." पण पाऊल टेकायच्या आधी त्यांचा हात माझा कठडा चाचपायचा. लाकडाला हे कळतं. हातावर विसंबलेल्या माणसाची बोटं वेगळी असतात.

पहिल्या जेवणाला कप्तानाने विचारलं, तेव्हा ते ऐटीत म्हणाले, "हवा खायला आलोय." काकांनी पाटीवर लिहिलं, हवा. बायकोने घास हातात धरून त्यांच्याकडे पाहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वाटेवर एका खडकावरचं जुनं दीपगृह लागतं. तिथला दिवा आता आपोआप लागतो, माणूस राहत नाही. तिथे कुणाला उतरायचं असलं तरच कप्तान नांगर टाकतो. पाटीवर दीपगृह नव्हतं, म्हणून मी माझ्या चालीने पुढे निघाले. ते दोघं पहाटेच उठून, न्हाऊन, ठेवणीतले कपडे घालून कठड्याशी उभे होते.

"आलं का गं?"

"आलं. उजव्या हाताला बघा. पांढरं."

त्यांनी मान वळवली. वळवली ती मोकळ्या समुद्राकडे. दीपगृह त्यांच्या नजरेच्या बरंच मागे राहिलं होतं.

"दिसलं," ते म्हणाले. मग, "बोट थांबली नाही गं?"

"नाही."

"असं कसं? थांबायलाच हवी."

त्यांना खुर्चीत बसवून, गरम पाणी आणते म्हणून ती खाली स्वयंपाकघरात आली आणि काकांच्या पिठाच्या डब्यावर बसून रडायला लागली.

काका हातातला झारा खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, काय झालं? बोट लागली का?"

"बोट लागली असती तर बरं झालं असतं हो काका."

मग तिने सगळं सांगितलं. त्या खडकावर तिच्या नवऱ्याचा जन्म. त्याचे वडील दीपगृहाचे रखवालदार. बारा वर्षांचा होईतो तो तिथेच वाढला. आता डोळे जात चाललेत. डॉक्टर म्हणाले, जे बघायचं ते या वर्षात बघून घ्या. गेल्या साली लेकाने हौसेने त्या मोठ्या जहाजाची सहल भेट दिली. जाहिरातीत लिहिलं होतं, दीपगृहाचं दर्शन.

"दर्शन कसलं हो! आमच्या खोलीला खिडकी नाही. भिंतीवर पडदा, त्यावर समुद्राचं चित्र हलतंय. यांना बाहेर पडायची भीती, कारण तिथे सगळे दरवाजे एकसारखे. एकदा चार तास सापडले नाहीत मला. शेवटी कुठे मिळाले? दुकानांच्या गल्लीत एका कपड्यांच्या पुतळ्याला रस्ता विचारत होते." ती रडता रडता हसली, आणि काकांनाही हसू आवरेना. "दीपगृह आलं म्हणून कर्ण्यावरून ओरडले, तोवर आम्ही लिफ्टच्या रांगेत. वर पोचलो तेव्हा नुसतं पाणी. आठ दिवस समुद्रावर होतो काका, पण खारा वारा अंगाला लागला नाही."

"मग पहिल्या दिवशी कप्तानाला का नाही सांगितलंत?"

"मला शपथ घातलीय. डोळ्यांचं कळलं तर खडकावर नेणाऱ्या होडीत बसवणार नाहीत म्हणाले. आणि यांना खात्री होती, की बोट तिथे थांबणारच. यांच्या लहानपणी त्या बाजूला येणारी प्रत्येक बोट थांबायची, कारण किराणा आणि पत्रं तीच आणायची. त्या मोठ्या जहाजाचं सोडा, पण लहान बोट थांबल्याशिवाय पुढे जाते, हे यांना ठाऊकच नाही."

मी ऐकत होते. माझा नेम मोडला होता. तोही बिनबोभाट, आणि मला पत्ता नव्हता. सगळं अंग जड झालं. इंजिन चालू होतं म्हणून पुढे जात होते एवढंच.

काकांनी झारा उचलला नाही. भाजी करपली तरी तसेच वर गेले.

न्याहारीला कप्तान उभा राहिला. उभा राहून तो कधी बोलत नसे, म्हणून सगळ्यांनी घास खाली ठेवले. तो म्हणाला, "माझ्याकडून एक जागा मागे राहिलीय. दोन तास मागे. परत गेलो तर आज दुपारी ज्या गावी थांबायचं होतं तिथे पोचायला रात्र होईल. एकट्याने ठरवायची गोष्ट नाही, म्हणून विचारतो." आणि त्याने कुणाचं गाऱ्हाणं न करता, साध्या शब्दांत दीपगृहाची हकिकत सांगितली.

ते गृहस्थ लालबुंद झाले. बायकोकडे तोंड करून दबक्या आवाजात म्हणाले, "तू सांगितलंस?"

"हो, सांगितलं. रागवा हवं तर. पण आधी खाऊन घ्या."

दोन टोपीविके भाऊ होते प्रवासात. थोरला म्हणाला, "आमचा गावचा बाजार बुडतो, तिथून टोप्या घ्यायच्या होत्या त्याचं काय?" धाकटा लगेच म्हणाला, "दादा, घरी टोप्या कमी आहेत का? अर्ध्या तर कुणाच्या डोक्याला बसत नाहीत." सगळे हसले. नवं लग्न झालेलं जोडपं म्हणालं, आम्हाला कुठेही चालेल. "तुम्हाला काय, धक्क्यावर बांधून ठेवलं तरी चालेल," असं कुणीतरी म्हणताच ती मुलगी लाजून ताटात बघायला लागली.

राहिल्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्या गावच्या धक्क्यावर त्यांची एक जुनी विद्यार्थिनी भेटायला येणार होती, पंधरा वर्षांनी. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मला न विचारता वळवली असतीत ना बोट, तर चांगली भांडले असते," त्या म्हणाल्या. "आता विचारलंत. आता काय बोलणार? तिला निरोप धाडा, म्हणावं बाईंना उशीर होतोय. मी तिला चार वर्षं वर्गाबाहेर उभं केलंय उशिरासाठी. तिला फार आनंद होईल."

कप्तान वर गेला. सुकाणू फिरलं. इतक्या वर्षांत मी वादळासाठी वळले होते, आजाऱ्यासाठी वळले होते. एका माणसाला त्याचं घर दाखवायला मी पहिल्यांदाच वळत होते. माझ्यामागचा पाण्याचा पांढरा पट्टा गोल वळत गेला. त्या चौदा मजलीला हे करता आलं नसतं. तिच्यावर तीन हजार माणसं. कोण कुणाला विचारणार, आणि कुठल्या टेबलाशी?

खडकापाशी पाणी उसळत होतं. मी लांब नांगर टाकला आणि होडी सोडली. तिच्यात ते दोघं, दोन खलाशी आणि कप्तान स्वतः. पहिल्या खेपेला लाटेने होडी खडकापासून मागे ओढली. कप्तान म्हणाला, "अजून एकदा बघू. मग मात्र नाही. माणसं बुडवायला मी आलेलो नाही."

बायकोने डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते. मीही देवाचं नाव घेत होते.

दुसऱ्यांदा होडी जवळ गेली, खलाशी हात पुढे करून म्हणाला, "आजोबा, आता!"

"थांबा," ते म्हणाले. त्यांनी मान तिरपी केली होती. खडकाच्या फटीत पाणी शिरून परत येतं, त्याचा आवाज ते ऐकत होते. "ही लाट पोकळ आहे. जाऊ द्या... हां, आता." आणि कुणाचा हात न धरता ते पायरीवर उतरले. खलाशी एकमेकांकडे बघत राहिले.

पुढचं मला दुरून दिसलं. उंच पायऱ्यांवरून एक माणूस भराभर वर जाताना, आणि एक बाई पदर सावरत मागून धापा टाकत येताना. मग रखवालदाराच्या घराच्या भिंतीआड दोघं गेली. पाऊण तास मी नांगराला हिसके देत उभी होते. गच्चीवर सगळे प्रवासी खडकाकडे बघत उभे.

परत आल्यावर ती थेट काकांकडे गेली. तिचे केस विस्कटलेले, आणि डोळे असे काही दिसत होते की काकांनी स्टूल पुढे सरकवलं.

"काका, यांना काही फार दिसलं नाही हो. उजेडात पांढरा डाग, एवढंच म्हणाले. पण घराच्या दारापाशी पोचलो ना, तर हे पुढे, मी मागे. आणि हे एकदम वळून मला म्हणतात, 'अगं, डोकं सांभाळ. दार ठेंगणं आहे.'" तिने केस मागे सारले. "दोन वर्षं मी यांना सांगतेय, पायरी आहे, खांब आहे, उंबरा आहे. आज त्यांनी मला सांगितलं."

काकांनी तिला चहा दिला.

त्याला आता तीन वर्षं झाली. ते गृहस्थ अजून आहेत, नजर मात्र पुरती गेली, असं पत्रातून कळलं. प्रवासी येईनासे झाले, तेव्हापासून मी बंदराच्या मागच्या कोपऱ्यात बांधलेली आहे. माझ्या तळाला शेवाळ धरलंय. कुणी म्हणतं मला एका जागी उभं करून खाणावळ काढणार, कुणी म्हणतं मोडणार. कप्तान अजून आठवड्यातून एकदा येतो, इंजिन दहा मिनिटं चालवतो, बंद करतो. ती दहा मिनिटं मला पुष्कळ होतात. देवाने अजून माझ्या अंगातली धग काढून घेतलेली नाही, तेव्हा पुढे काही चांगलंच योजलं असेल.

माझं काय व्हायचं ते होवो. तुमच्यापाशी एक मागणं आहे. तुमच्याही घरात कुणीतरी हवा खायला आलोय म्हणून गप्प बसलेलं असेल. त्याला नीट विचारा, आणि एवढे मोठे होऊ नका की विचारायचंच राहून जाईल. त्याची जागा मागे राहिली असं कळलं, तर आपली दुपार जाऊ द्या आणि सुकाणू फिरवा. हा नेम तुम्हीही धरा. मोडला तर रडत बसू नका, वळा. वळता येतं, हे मी सांगते.