उजवा कान

"हनुवटी वर घ्या. अजून जरा. आता मान डावीकडं," काळ्या कापडाखालून फोटोवाला म्हणाला, आणि सिद्धाराम स्टुलावर होता तसाच बसून राहिला.

"डावीकडं हो, पाहुणं!"

सिद्धाराम कॅमेऱ्याच्या काचेकडं बघून गोड हसला. भिंतीशी त्याची टोपी हातात धरून उभ्या असलेल्या गौरम्माला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीच्या कागदात स्वच्छ लिहिलं होतं: फोटोत उजवा कान पुरता दिसला पाहिजे, डोक्यावर टोपी नको, पदर नको. तिचा फोटो दोन मिनिटांत झाला होता. नवऱ्याचा अर्धा तास चालला होता.

फोटोवाला वैतागून कापडातून बाहेर आला आणि कोपऱ्यातला दिवा सरकवत, पाठमोराच म्हणाला, "मी कवाधरनं काय सांगतोय तुमाला?"

"सांगतो की," सिद्धाराम उत्साहानं म्हणाला. "आमची मंडळी नर्स हाय. शिकागोच्या दवाखान्यानं बोलवलंय तिला. पुढल्या बुधवारी मुलाखत हाय मुंबईला."

"ते कुटं इचारलं मी?"

शेवटी फोटोवाल्यानं जवळ येऊन दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं आणि मडकं फिरवावं तसं फिरवलं. उजवा कान एकदाचा समोर आला.

हे असं चौदा वर्षं चाललं होतं. दुकानात म्हणा, बँकेत म्हणा, रेशनच्या रांगेत म्हणा, कुणी गौरम्माला काही विचारलं की उत्तर द्यायचं सिद्धारामनं, तेही प्रश्न पुरता व्हायच्या आत, आणि बरेचदा भलतंच. नवी पेठ ते गिरणीची चाळ, सगळ्यांना ठाऊक होतं की गौरम्माचा नवरा तिला तोंड उघडू देत नाही. वॉर्डात तीस पेशंट एका हाताखाली ठेवणारी बाई नवऱ्याबरोबर बाजारात निघाली की मुकी व्हायची.

आणि हा बोलघेवडा माणूस जिथं खरंच बोलायचं होतं, तिथं मात्र पाय मागं घेत होता. याला काय म्हणावं?

शिकागोहून विजयमालाचं पत्र आलं होतं. दोघी एका वर्गात नर्सिंग शिकलेल्या, ती दोन वर्षांपूर्वी गेलेली. तिनं लिहिलं होतं, "नवऱ्याला न्यायचं असेल तर मुलाखतीला बरोबर घेऊनच जा. माझे म्हणाले, तू हो पुढं, मी मागून येतो. अजून येतायत. साहेब काचेच्या आडून विचारतो, दोघांना वेगवेगळं विचारतो, पण घाबरण्यासारखं काही नाही." ते पत्र गौरम्मानं सिद्धारामला वाचून दाखवलं होतं. दोघांना वेगवेगळं, हे शब्द त्याला कळले आणि त्या दिवसापासून सबबी सुरू झाल्या. आधी कुंभारीच्या भाचीचं लग्न निघालं. मग कंबर धरली. मग तो म्हणायला लागला, "मी कशाला? शिकलेली तू. तू जा, मी येतो मागनं."

मागनं! विजयमालाचा नवराही असाच मागनं येणार होता. त्यांना मूलबाळ नव्हतं. होतं ते एकमेकांचं माणूस, तेही असं मागं ठेवायचं आणि परमुलखात एकटीनं भाकरी थापायची, यासाठी का रात्रपाळ्या करून परीक्षा दिल्या होत्या?

फोटोच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीपुढं भाकऱ्या करत होती. तो मागं पाटावर बसला होता.

"मुंबईची तिकिटं काढायची हायत," ती तव्याकडं बघत म्हणाली. "दोन काढू का एक?"

मागून काही आलं नाही.

"इचारतीय मी. दोन का एक?"

तरी नाही. चहाची कपबशी वाजली तेवढीच. गौरम्माच्या डोक्यात तिडीक गेली. उलथनं हातात घेऊन ती गर्रकन वळली.

"भिंतीशी बोलतीय व्हय मी? येनार हाय का न्हाई मुलाखतीला?"

सिद्धारामनं वर बघितलं. "गिरणीतला साहेब रजा देईना गं. काय करू?"

"नवऱ्यानं जायलाच पायजे," कोपऱ्यात लसूण सोलत बसलेली सासू गंगम्मा म्हणाली. "बाईमानसानं एकटीनं गोऱ्या साहेबाफुडं हुबं ऱ्हायाचं? लोक काय म्हनतील?"

सिद्धारामनं आईलाही काही उत्तर दिलं नाही. डबा उचलला, पायात चपला सरकवल्या आणि भोंगा व्हायच्या आत निघून गेला.

रजा देईना म्हणे. बघतेच कसा देत नाही तो साहेब, असं म्हणून दुपारच्या ड्यूटीआधी गौरम्मा सरळ गिरणीत गेली. पांढऱ्या साडीतल्या नर्सला दारवान अडवत नाहीत. टाइम ऑफिसातल्या कारकुनानं रजेचं रजिस्टर दोनदा चाळलं.

"बाई, सिद्धारामचा अर्जच आलेला नाही. दिला असता तर लगेच मंजूर झाला असता. वर्षभरात एक रजा नाही घेतलेली त्यानं."

तिच्या कानशिलात आग झाली. चाळीतल्यांशी थापा मारा, फोटोवाल्याशी मारा, पण बायकोशी? ती तशीच कापड विणायच्या मागांच्या खात्याकडं चालू लागली. आज सगळ्यांसमोर तोंडावर विचारायचं, काय व्हायचं ते होऊ दे.

खात्याचा दरवाजा उघडाच होता, पण आत पाऊल टाकायची हिंमत झाली नाही. शेकडो मागांचा तो गडगडाट छातीवर येऊन आदळत होता. तिनं "अहो!" म्हणून हाक मारली, तर स्वतःची हाक तिला स्वतःलाच ऐकू आली नाही.

सिद्धाराम पाचव्या रांगेत उभा होता. त्याच्यापासून चार माग पलीकडं त्याचा दोस्त गुंडा होता, झुबकेदार मिशांचा, गालात तंबाखू धरलेला. गुंडाचे ओठ हलत होते. त्या कल्लोळात ब्रह्मदेव ओरडला असता तरी ऐकू गेलं नसतं, आणि सिद्धाराम मात्र ऐकत होता. मान हलवत होता, मधेच ओठ हलवून उत्तर देत होता. गुंडानं काहीतरी चावट सांगितलं असावं, कारण सिद्धाराम पोट धरून हसला.

मग गुंडा तुटलेला धागा जोडायला वळला. पाठमोरा झाला. तशी सिद्धारामची नजर सुटली आणि तो आपल्या मागाकडं बघायला लागला.

गौरम्मा दरवाजाला धरून उभी राहिली. सिद्धाराम गुंडाच्या तोंडाकडं जसा बघत होता, तसा डोळ्याची पापणी न लवता बघणारा सिद्धाराम तिच्या ओळखीचा होता. घरी तो तिच्याकडं अगदी असाच बघायचा. निजताना ती बोलत असली तर दिवा विझवू द्यायचा नाही. "ऱ्हाऊ दे की, तोंड दिसू दे तुझं," म्हणायचा. वीज गेली की गप्प बसायचा. तिला वाटायचं, माणसाला आपलं रूप आवडतं. विजयमालाला हे तिनं एकदा लाजत लाजत सांगितलंसुद्धा होतं.

आता कळलं, गुंडाच्या मिशांकडंही तो तसाच बघतो.

"कुणाला बोलवू का, सिस्टर?" मागून येऊन दारवान तिच्या कानाशी ओरडला.

तिनं नको म्हणून मान हलवली. दारवानाला बाजूला नेऊन विचारलं, "एवढ्या आवाजात ह्या लोकांचे कान शाबूत राहतात?"

"कशाचं! पाच-सहा वर्षं मागावर काढली की संपलं. भोंगा तेवढा ऐकू येतो." दारवान हसला. "कुनी कबूल करत न्हाई, बगा. बहिरा म्हनवून घ्यायची लाज वाटती."

दवाखान्यापर्यंतचा रस्ता तिला आठवला नाही. आधी राग आला, चौदा वर्षं लपवलं म्हणून. मग त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. पेशंट खाटेवर कसा वळतो यावरून त्याचं दुखणं ओळखणारी ती, आणि घरातल्या माणसाचं ओळखलं नाही. प्रश्न ऐकू येत नाही म्हणून तो आधीच उत्तर देऊन मोकळा होत होता. तोच बोलत राहिला तर त्याला कुणी काही विचारणार नाही, एवढाच त्याचा हिशेब. आणि मुंबईत काचेच्या आडचा साहेब त्याला एकट्याला विचारणार होता.

डबा खाताना तिनं वकिलातीचा वैद्यकीय कागद पुन्हा उघडला. क्षय, महारोग, वेड. कोणत्या दुखण्यावर अडवतात त्याची यादी तिनं दोनदा वाचली. कानाचं नाव त्यात कुठंच नव्हतं, आणि हा कागद तिनं त्यालाही वाचून दाखवला होता. म्हणजे त्याला साहेबाच्या नकाराची धास्ती नव्हती. बायकोसमोर उघडं पडायची होती.

दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. संध्याकाळी सिद्धाराम ओट्यावर सूप घेऊन शेंगा सोलत बसला होता. आत गंगम्मानं चहाचं आधण ठेवलं होतं. गौरम्मा दारात, त्याच्या पाठीमागं उभी राहिली.

"तुमी अर्ज टाकलाच न्हाई," ती चांगली खणखणीत म्हणाली. "मी चालले एकटी. तुमी ऱ्हावा हितंच."

"काय म्हनालीस गं?" आतून गंगम्मा ओरडली.

सिद्धारामनं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, दुसरी शेंग उचलली.

गौरम्माच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पदरानं पुसून ती पुढं झाली आणि त्याच्या समोर मांडी घालून बसली. तो लगेच तिच्याकडं बघायला लागला. तिनं आवाज घशातच ठेवला आणि नुसते ओठ हलवले.

'तुमाला इंग्रजी येत न्हाई.'

"न्हाईच येत," सिद्धाराम म्हणाला. "म्हनून तर म्हनतो, मी कशाला?"

'तसंच सांगायचं साहेबाला. मग साहेब इंग्रजीत इचारनार, मी तुमाला सांगनार. तुमी साहेबाकडं बघायचंच न्हाई. माझ्याकडं बघायचं.'

शेंग त्याच्या बोटांत तशीच राहिली.

"नुसतं तुझ्याकडं?"

'नुसतं माझ्याकडं.'

"आन् वेगळं बोलवत्यात म्हनलीवतीस, ते?"

'बोलवू देत. मी आधीच सांगून ठेवते, ह्यांच्याबरोबर मीच लागते म्हनून. न्हाई ऐकलं तर दोघं माघारी येऊ.'

तो बराच वेळ तिच्या तोंडाकडं बघत राहिला. ते रूप बघणं होतं की शब्द वाचणं होतं, हे तिनं नंतर कधीतरी विचारायचं ठरवलं. शिकागोत विचारू, नाहीतर इथंच.

"मग टाकतो उद्या अर्ज," तो म्हणाला. एकदम मोकळा झाला, मोठ्यानं बोलायला लागला. "मंगळवार, बुधवार, गुरुवार. तीन दिस बास झाले की. आन् तिकिटं दोन काढ."

"सिद्धाराम," आतून गंगम्माची हाक आली, "एकटाच कुनाशी बोलाय लागलायस रं?"

त्यानं शेंग फोडली.

गौरम्मानं तोंड स्वयंपाकघराकडं फिरवलं. "माझ्याशी बोलत्यात, आत्ती."

"मग तुझा आवाज कसा येईना?"

"हळू बोलत होते. ह्यांना कळलं की."

ती पुन्हा वळली तेव्हा सिद्धाराम तिच्याकडंच बघत होता.

"काय म्हनती अव्वा?"

गौरम्मानं त्याच्या मांडीवरची टरफलं झटकली.

"च्या झाला म्हनत्यात," ती म्हणाली, आणि कप आणायला आत गेली.