दोनशे सात वाक्यं आणि एक चौकट

माणूस जातो, आवाज मात्र अमर असतो, असं ध्वनिकाराने नाश्त्याच्या टेबलावर जाहीर केलं. त्याचे वडील, आप्पा, समोरच टोस्ट चहात बुडवत होते आणि कुठेही जाण्याच्या बेतात नव्हते. जाणार होता तो आवाजच. सोमवारी घशाचं ऑपरेशन, स्वरयंत्र काढायचं.

ध्वनिकार नाटकांना आवाज पुरवायचा. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर चौकटी मांडायच्या आणि प्रत्येकीला नाव द्यायचं. चौकट दाबली की त्या नावाखाली साठवलेला आवाज वाजतो. चार दिवसांत आप्पांची रोजची वाक्यं भरून घ्यायची, पुढे आप्पांनी बोटाने बोलायचं. बेत नामी होता.

"वाक्य तेच नाव," तो म्हणाला. "फक्त स्वल्पविराम नको. तो दिसला की याला वाटतं, नाव संपलं. आधी एक तिरकी रेघ दिली तरच चालतो."

आप्पांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. "संबोधनानंतर स्वल्पविराम येतो. तुझ्या यंत्राला ठाऊक नसेल तर त्याला शाळेत घाल."

"आप्पा, ऐका ना."

"उरलेले चार दिवस मी अशुद्ध बोलू?"

रेघा मागाहून एकदम घालू, असं ध्वनिकाराने ठरवलं. तो नाट्यशाळेत शिकवायचाही; तिथे हीच सबब विद्यार्थ्यांनी दिली की तो त्यांना वर्गाबाहेर काढत असे.

आप्पांचं प्रत्येक वाक्य "बाळा," पासून सुरू व्हायचं. बाळ बावन्न वर्षांचं होतं, सूनही बाळाच. भरताना पडद्यावर फक्त चालू चौकट दिसायची. वाक्य भरलं की लगेच वाजवून बघायचे, चोख वाजायचं. तिसऱ्या दिवशी आप्पांनी दोघांना बाहेर काढलं, दार लावलं आणि एक वाक्य स्वतःच टाइप करून भरलं.

"हे तुझ्यासाठी. माझं तोंड बंद झालं की ऐक."

ऑपरेशननंतर रेघा घालायला म्हणून त्याने फाइल उघडली. दोनशे सात वाक्यांची एकच चौकट उरली होती. नाव, बाळा. स्वल्पविरामापाशी प्रत्येक नाव तुटलं होतं, आणि त्या एका नावाखाली प्रत्येक नवं वाक्य आधीच्याला पुसून बसलं होतं. लगेच वाजवलेलं चोख वाजणारच, शेवटचं तेच असायचं.

"दुसरी प्रत ठेवली असशील की," बायको म्हणाली.

"ठेवलीय. तिच्यातही एकच आहे."

दवाखान्यात त्याने सगळं सांगितलं. आप्पांनी पाटीवर लिहिलं, 'स्वल्पविराम सगळे दिले होतेस?'

"सगळे."

मानेला टाके होते, म्हणून आप्पांनी समाधानाने नुसते डोळे मिटले.

"आप्पा, ते माझ्यासाठीचं वाक्य. काय होतं?"

आप्पांनी बराच वेळ आठवून पाहिलं. 'नीट आठवत नाही. लांब होतं. बरं जमलं होतं.' मग खाली, 'उरलंय ते लाव.'

ध्वनिकाराने चौकट दाबली. आप्पांचा जुना खर्जातला आवाज खोलीभर झाला. सलाइन बदलणारी नर्सही थांबली.

"बाळा, झालं असेल तर तो पंखा बंद कर. मान धरलीय."