साखरबाईच्या टाचंवरची पैज

पैज लागली ती डेअरीच्या ओट्यावर, सकाळी दूध घालायच्या वेळेला, आणि लावणाऱ्या दोघांच्याही टाचा ठणठणीत होत्या. दुखत होती ती साखरबाईची टाच, आणि साखरबाई तिथं नव्हतीच.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. तिच्या नवऱ्यानं, गेणबानं, कॅन खाली ठेवता ठेवता गाऱ्हाणं सुरू केलं. बारामतीत कुणी इंद्रजित म्हणून नवा डॉक्टर आलाय, बायकोला त्याच्याकडंच जायचंय, आणि तो म्हणे औषध न भरता नुसतीच सुई टोचतो. तीही टाचंत नाही, पोटरीत. ओट्यावर हशा पिकला. शेजारचा दत्तोबा तेवढा हसला नाही. गावात सायकलीची हवा गेली की लोक आधी ज्याच्या घराकडं बघायचे, तो हा दत्तोबा. तो गंभीर झाला की समजावं, काहीतरी शिजतंय.

"गेणबा, कालव्याचं पाणी तुझ्या टेलच्या, पार शेवटच्या रानात आलं न्हाय, तर तू टेललाच उकरत बसतूस व्हय?" त्यानं विचारलं. "का वर चारीत गाळ कुठं अडकलाय त्ये बगतूस?"

अडचणीत सापडला की गेणबाचा आवाज चढायचा. रिकाम्या सुईनं टाच बरी झाली तर आपण बायकोचं लुगडं नेसून इंदापूरच्या बाजारात फुगडी घालू, असं तो सगळ्यांदेखत बोलून बसला. नाही झाली तर दत्तोबानं घालायची. मुदत दिवाळीच्या बाजारापर्यंत. निकाल साखरबाईच्या चालीवरनं.

एवढं झोंबायचं कारण काय, तर त्या टाचंवर गेणबाचा हक्क होता. साखरबाई सकाळी अंथरुणातनं उठली की पहिलं पाऊल टेकताना भिंत धरायची, लंगडत अंगणात जायची. संध्याकाळी धारा झाल्या की गेणबा चुलीत वीट तापवायचा, फडक्यात गुंडाळून तिची टाच शेकायचा, रुईच्या पानाला तेल लावून बांधायचा. माझ्या हाताला गुण हाय, असं गावभर सांगत हिंडायचा. टाच होती तशीच होती, पण ते त्याच्या तोंडावर कोण बोलणार?

पहिल्या खेपेला तो स्वतः बरोबर गेला. डॉक्टर निघाला तिशीच्या आतला, देखणा, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडलेला. साखरबाईला तो ताई म्हणाला आणि गेणबाला बाबा. म्हणजे ह्याच्या लेखी ही माझी लेक झाली, गेणबा मनात म्हणाला, आणि तिथंच त्याचं पित्त खवळलं.

डॉक्टरनं पोटरी चाचपली. चाचपत चाचपत एका जागी अंगठा दाबला, तशी साखरबाईनं टाच धरली. कळ टाचंत गेली होती. इथं स्नायूत गाठ बसलीय, ही सैल पडली की टाचही सुटेल, असं त्यानं सांगितलं आणि केसासारखी बारीक सुई आत सारली. पोटरी पाण्याबाहेर टाकलेल्या मासळीसारखी उडाली. साखरबाई आधी आई गं म्हणाली, आणि मग तिला हसूच फुटलं. खांदे हलायला लागले तरी थांबेना.

गेणबा भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडं बघत उभा राहिला. हे हसू त्यानं लग्नाच्या नवलाईत ऐकलं होतं. पुढं ते कुठं गेलं, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. आणि ह्या पोरानं एका सुईत बाहेर काढलं.

त्यानंतर घरात उठता बसता डॉक्टर. पायरीवर उभं राहून पोटरी ताणायची, डॉक्टर म्हणत्यात. अनवाणी हिंडायचं न्हाय, डॉक्टर म्हणत्यात. गेणबाला आमटीतसुद्धा डॉक्टर लागायला लागला. त्यानं मिशीला कलप लावला, शर्टाच्या बाह्या दुमडल्या. एका संध्याकाळी म्हणाला, आण पाय हिकडं, गाठ मलाबी सापडती, आणि असा काही अंगठा रुतवला की साखरबाईनं त्याला लाथच घातली. कुंपणापलीकडं दत्तोबा होताच. दुसऱ्या दिवशी ओट्यावर त्यानं विचारलं, डॉक्टर व्हायचंच हाय तर पोती शिवायचा दाभण देऊ का.

एक गोष्ट मात्र गेणबाच्या बाजूनं होती. एवढ्या सुया टोचून झाल्या तरी साखरबाई घरात लंगडतच होती. दिवाळी जवळ आली तसा तो ओट्यावर रोज बातमी द्यायला लागला, आजबी भिंत धरूनच उठली बरं का. दत्तोबाला लुगड्याचा रंग कुठला आवडतो, तेही विचारून ठेवलं.

मग मका घेऊन तो बारामतीच्या मार्केट यार्डात गेला. साखरबाई त्याच दिवशी एसटीनं डॉक्टरकडं गेलेली. माघारी येताना स्टँडच्या तोंडाशी गेणबा थबकला. इंदापूरची गाडी सुटली होती आणि एक बाई निऱ्या हातात धरून तिच्यामागं पळत होती. पळत कसली, उडत होती. कंडक्टरनं दार उघडलं, बाई पायरीवर टुणकन चढली. ती साखरबाई होती.

गेणबाच्या डोक्यात जाळ झाला. टाच बरी झाली, तर घरी लंगडती कशाला? त्याला एकच उत्तर सुचलं. लंगडणं थांबलं, की डॉक्टरकडं जाणं थांबणार. तो तडक दवाखान्यात शिरला आणि बायको अजून कशाला येते म्हणून विचारलं.

डॉक्टरच गोंधळला. "आता नाही येणार, बाबा. सुया केव्हाच बंद केल्यात, आज शेवटचं तपासलं. टाच बरी झालीय." मग जीभ चावून म्हणाला, "ताई म्हणाल्या होत्या, घरी सांगू नका."

"घरी कुणाला?"

"तुम्हालाच."

संध्याकाळी साखरबाई लंगडत येऊन चुलीजवळ बसली, पाय पुढं केला. गेणबानं वीट गुंडाळली, पण टेकवली नाही.

"मी आज स्टँडवर हुतो," तो म्हणाला.

साखरबाईनं पाय मागं घेतला नाही. "मग बगितलं आसंल."

"लंगडतीस कशाला?"

"अवं, टाच दुखायच्या आदी संध्याकाळी तुमी कुठं असायचा? पारावर. मी दिवसभराचं कुणाला सांगायची, म्हशीला? टाच दुखाय लागली तवापासनं तुमी हितं बसाय लागला. ती बरी झाली म्हणलं की उठून जाणार तुमी."

गेणबानं विटेवरचं फडकं सोडून पुन्हा गुंडाळलं. तो एका पोराच्या सुईवर महिनोन्‌महिने जळत होता, आणि ही त्याच्या पारावर जळत होती, वर्षानुवर्षं, चकार शब्द न काढता.

"पैज तर तुमीच जिंकताय," साखरबाई म्हणाली. "बाजारापतूर लंगडती की मी. नाचू द्या दत्तूभावजींना."

मोह मोठा होता. दत्तोबा लुगड्यात, आख्खं इंदापूर बघतंय, आणि डॉक्टर खोटा पडलाय. त्यातलं शेवटचं तर गेणबाला फारच गोड लागलं. त्यानं वीट टाचंवर टेकवली, बराच वेळ शेकत बसला. पण एकदा लंगडी ठरली की हिला दिवाळीनंतरही लंगडावं लागणार होतं, आणि तिला पळताना तर त्यानं आज बघितलं होतं.

"सरळ चाल," तो म्हणाला. "वीट मी तशीबी तापवीन. पारावर तरी काय ठेवलंय."

दिवाळीच्या बाजारात गेणबा वांगी रंगाचं लुगडं नेसून उभा राहिला. डोक्यावर पदर, खाली कलप लावलेली मिशी. पणत्या विकणाऱ्या बायका दुकान सोडून बघायला आल्या. साखरबाई भांड्यांच्या ओळीपासनं झपाझप चालत आली, तिला कुणी काही विचारायची गरज उरली नाही. दत्तोबानं हात पुढं केले तर तिनं त्याला बाजूला सारलं.

"सरका भावजी. ह्यांच्याबरूबर मी घालती."

हाताची अढी घातली, पावलं जुळवली आणि फुगडी सुरू झाली. तेवढ्यात गर्दीतनं दत्तोबानं कुणाला तरी धरून पुढं आणलं. बारामतीहून खास बोलावलेला इंद्रजित डॉक्टर, बाह्या दुमडून टाळ्या वाजवत होता.

गेणबानं चटकन साखरबाईची पाठ डॉक्टरकडं केली. पण फुगडी कुठली थांबते, अर्ध्या फेरीत तिचं हसरं तोंड परत डॉक्टरसमोर. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. गेणबानं वेग वाढवला. पदर उडाला, लुगडं सुटायला आलं, लोक शिट्ट्या मारायला लागले.

"अवं, हळू, पडू की दोघंबी," साखरबाई धापा टाकत म्हणाली.

"आदी त्यो डॉक्टर जाऊ दे," गेणबा म्हणाला, आणि फिरतच राहिला.