फळीवरचा रेडा

रेडा म्हणजे दाजींचं ड्रिल मशीन. वजन नऊ किलो, वय चोवीस वर्षं, रंग कधीकाळी निळा. छताला भोकं पाडायची तर ते डोक्यावर पेलावं लागे, आणि दाजींचा उजवा खांदा वर्षभर संपावर होता. तरी काम घेतलं होतं. इंजिनियर बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "बारापर्यंत आठ भोकं हवीत. नाहीतर नवी मशीनवाली माणसं आणते."

दाजींनी जुनी युक्ती काढली. लाकडी घोडीवर लांब फळी आडवी टाकली. एका टोकाच्या खाचेत रेडा तोंड वर करून बसवला, दुसऱ्या टोकावर मेहुण्याला. मेहुणा खाली, रेडा वर. दाजींनी फक्त बाजूला उभं राहून खटका दाबायचा आणि मशीन सरळ धरायचं.

"दाजी, ताईच्या हातचं इतकी वर्षं खाल्लं, ते आज कामी आलं."

"खाल्लेलं दिसतंयच. हलू नकोस."

साडेअकरापर्यंत सात भोकं झाली. आठव्यात निम्म्यावर सळई लागली. रेडा गचकन अडकला. असल्या वेळी तो मनगट पिरगाळतो हे ठाऊक असल्यानं दाजींनी खटका केव्हाच सोडला होता. तेवढ्यात जिन्यातून हाक आली, "चहा!"

मेहुणा सवयीनं उठला.

फळी धाडकन आपटली. दाजी वेळीच मागे सरले. रेडा मात्र वटवाघळासारखा छताला लटकून राहिला.

नेमक्या बाई आत आल्या.

"हे काय?"

"वाळत घातलंय, बाई," मेहुणा म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. खिशातून ओळंबा काढून त्यांनी रेड्याशेजारी धरला. दोरी आणि मशीन, दोन्ही एका रेषेत होती. मग बाईंनी उरलेली सात भोकंही तपासली.

"सरळ आहेत. आठवं चार बोटं बाजूला घ्या. वरच्या मजल्यावर अजून सोळा आहेत, उद्या फळी तिकडे न्या."

"आणि याला?" दाजींनी मेहुण्याकडे बोट केलं.

"त्यांच्याशिवाय फळी चालेल का?"

दोघांनी मिळून रेडा सोडवला. बाराला दहा कमी असताना आठवं भोक आरपार झालं. दाजींनी मशीन उतरवून पुसलं, खांदा चोळला, गार झालेला चहा चवीनं प्यायला. मेहुण्याचा पेला तसाच होता. दाजींनी "ऊठ" म्हणेपर्यंत तो फळीवरून हलला नाही.